सतरा नंबरची झडप

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. खोलीची रुंदी पाहता साष्टांग तिरका घातला आहे, चालवून घे.

तुमच्या जुन्या इमारतीतल्या लोकांसाठी मागच्या मोकळ्या जागेत चाळीस घरांची वसाहत होते आहे. तिचे नकाशे गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर आले. प्रादेशिक कार्यालयात माझं काम एवढंच, की प्रत्येक घर नियमपुस्तिकेप्रमाणे आहे की नाही ते तपासायचं आणि खाली सही करायची. एकोणचाळीस घरांचे माप-तक्ते जोडलेले आहेत. सतरा नंबरचा कोरा आहे. त्यावर मोजणीदाराने शेरा मारलाय की राहणाऱ्या बाईंनी माप देण्यास नकार दिला, मात्र चहा दिला. नाव बघायची गरज पडली नाही.

आत्या, तो तक्ता रिकामा ठेवून चालणार नाही. आपला भाग दमट आहे, म्हणून इथल्या नियमांत प्रत्येक घराला छताजवळ एक झडप सक्तीची आहे. ती रोज उघडली नाही तर दोन वर्षांत भिंती काळ्या पडतात. राहणाऱ्याला ती आपल्या हाताने उघडता यावी म्हणून तिची कडी ज्याच्या त्याच्या मापाने बसवतात. पण चौदाशे मिलिमीटरच्या खाली कडी बसवता येत नाही. ज्याचा हात तेवढा वर जात नाही त्याला स्वतंत्र घर मिळत नाही. त्याला टोकाच्या सामायिक विभागात खाट मिळते आणि झडपा कर्मचारी उघडतात.

तुझा हात कुठवर जातो ते मला ठाऊक आहे, पण तक्त्याला आकडा लागतो. माप दुसऱ्या कुणाकडून तरी घे, स्वतःचं स्वतः घेऊ नकोस. मला येता आलं असतं, पण रेल्वेने नऊ तास आणि इथे महिनाअखेरची तपासणी.

मी बरी आहे. लोभ आहे तो मोजू नये, ही विनंती.
तुझी भाची

११ फेब्रुवारी

चि. मिलिमीटर हिस,
अ. आ. पत्र मिळालं. दोन वर्षांनी चार परिच्छेद आले, त्यातले तीन झडपेवर. असू दे, झडपेच्या निमित्ताने का होईना!

तुझ्या मोजणीदाराला मी नकार दिला नाही. त्याची टेप बघितली आणि हसू आवरलं नाही. टेपचं पुढचं टोक तुटलेलं, पहिला इंच गायब, आणि हा गडी तुटल्या टोकापासून मोजतोय. चाळीस वर्षं मी गावभरच्या लोकांची मापं घेतली. कोट शिवले, गणवेश शिवले, वधूंचे पोशाख शिवले. माझ्या मापाचा कपडा परत आला असं एकदा झालं, आणि तेव्हाही चूक गिऱ्हाइकाच्या पोटाची होती. माझं माप हा घेणार? मी सांगितलं, बाबा, आधी इंच शोधून आण.

तर घे. उभी असताना हात वर अठ्ठ्याहत्तर इंच. बाकीची सहा मापं मागच्या पानावर आहेत. समोरच्या घड्याळवाल्याने टेपचं खालचं टोक धरलं होतं, म्हणजे तुझा नियमही पाळला गेला. बिचारा रोज सकाळी येतो, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतो, खिडकी उघडतो, दोन बिस्किटं खातो. दुकान बंद झाल्यापासून त्याला काहीतरी काम लागतं, मी देते.

केस कापून टाकले. वेणी घालण्यात सकाळ जायची. कानापर्यंतच आहेत आता, आरशात एखादा रिटायर हवालदार दिसतो.

सोबत शर्ट पाठवते आहे, निळा, तुझ्या जुन्या मापाचा. कॉलरला तीन दिवस घेतले, तेव्हा तो घातलाच पाहिजेस. बसतो का ते कळव. लोभ वाढवायला शिलाईत कापड सोडलंय.
आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. मापं आणि शर्ट, दोन्ही मिळालं. अठ्ठ्याहत्तर इंच म्हणजे एकोणीसशे एक्याऐंशी मिलिमीटर. नियमाप्रमाणे त्यातून वीतभर वजा करून तुझी कडी सतराशे पन्नासवर बसेल. तक्त्यात "माप घेणाऱ्याची सही" असा एक रकाना असतो. घड्याळवाल्यांची सही मागवण्यात आणखी आठवडा गेला असता. मी केली.

शर्ट जसाच्या तसा बसला. कार्यालयात घालून गेले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं कुठे शिवला. त्या माझ्याशी कामाखेरीज बोलल्या असं हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा त्यांनी खिडकी लावू का असं विचारलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पत्रात तू खोलीबद्दल विचारलं होतंस, मी उत्तर दिलं नव्हतं. एका व्यक्तीसाठी नियमाप्रमाणे साडेनऊ चौरस मीटर, माझी नऊ पूर्णांक सहा दशांश आहे. उजेड पुरेसा. खुर्ची एक, तिच्यावर नकाशांच्या गुंडाळ्या असतात, त्यामुळे मी ओट्याशी उभ्याने जेवते. दार अजून कुणी वाजवलेलं नाही, म्हणून घंटा चालते की नाही ते सांगता येत नाही. बाकी तक्रार नाही.

तुझं घर चांगलं होईल. सकाळचं ऊन शिवणयंत्राच्या जागेवर येतं, मी कोन काढून पाहिला. कळावे. लोभ असेल तिथे असू द्यावा.
तुझी भाची

५ मार्च

चि. मिलिमीटर,
अ. आ. शर्ट बसला हे वाचून बरं वाटलं. पण कॉलर मानेला टेकते का, काखेत ओढतो का, बटणांच्या मध्ये फट पडते का, यातलं काही लिहिलं नाहीस. जसाच्या तसा म्हणे! असं गिऱ्हाईक बोललं की मी समजायचे, बाईने अजून घालून पाहिलेला नाही.

इमारत रिकामी होत चालली. दुसरा मजला संपूर्ण गेला, कुणी मुलाकडे, कुणी बहिणीकडे. नळावर रांग नाही, जिन्यावर भांडण नाही. परवा मी एकटीच जिन्यात उभी राहून मोठ्याने म्हटलं, कचरा कुणी टाकला? कुणीच ऐकायला नाही. कचरा माझाच होता.

येत्या पंधरवड्यात आम्हाला घरं दाखवणार आहेत. प्रत्येकाने आपल्या घरात जाऊन झडप उघडायची, नळ सोडायचा आणि कागदावर अंगठा नाहीतर सही द्यायची. मला जरा सर्दी आहे. गेले नाही तरी चालेल ना? तू सही केलीच आहेस म्हणतेस.

आणि खुर्चीवरच्या गुंडाळ्या उचल. लोभाचं राहू दे, आधी बसून जेव.
आत्या

१२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. न जाऊन चालणार नाही. राहणाऱ्याने स्वतः झडप उघडून दाखवल्याशिवाय घराचा ताबा मिळत नाही, हे कलम पुस्तिकेत ठळक अक्षरात आहे. दोन मिनिटांचं काम आहे. सर्दीवर गरम पाणी पी आणि जा.

शर्टाबद्दल: कॉलर टेकते, काख ठीक, फट नाही.

इथे धुकं आहे. आणखी लिहिण्यासारखं काही घडलं नाही. लोभ गृहीत धरला आहे.
तुझी भाची

२१ मार्च

आदरणीय बाई यांसी,
सप्रेम नमस्कार. आपली माझी ओळख नाही. आपल्या आत्याबाईंच्या समोरच्या खोलीत मी राहतो, पूर्वी घड्याळं दुरुस्त करीत असे. नव्या वसाहतीत माझं घर अठरा नंबर आहे. असं पत्र लिहिण्याचा मला अधिकार नाही हे जाणतो, आणि त्यांना कळलं तर माझी बिस्किटं बंद होतील हेही जाणतो.

मंगळवारी आम्ही घरं पाहून आलो. सतरा नंबरात आत्याबाई झडपेखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मोजणीदारांना म्हणाल्या की रंग ओला दिसतोय, हात लावत नाही. रंग महिन्यापूर्वीचा होता. मोजणीदार नळ पाहायला वळले तेवढ्यात मी झडप उघडली आणि उघडली उघडली असं म्हटलं. त्यांनी कागदावर खूण केली. चाळीस वर्षं मी कुणाचं घड्याळ पुढेमागे केलं नाही, त्या दिवशी केलं.

त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, डावा त्याहून थोडा कमी. दोन हिवाळे झाले. खिडकी मी उघडतो, वरच्या फळीवरचे डबे मी खाली आणून ठेवलेत. आपण मागितलं ते माप मी घेतलं नाही. टेपचं टोक मी धरलं असं आपल्याला कळवलंय, हे त्यांच्याच तोंडून कळलं; मला कुणी बोलावलं नव्हतं.

मी नसेन त्या दिवशी भिंतीला बुरशी धरेल, हे माझं म्हणणं. सामायिक विभागात त्या जाणार नाहीत, तेही खरं. यातून काय करायचं ते मला समजत नाही, आपण शिकलेल्या आहात. आपला लोभ माझ्यावर नवा असेल, बेताने वापरावा.
आपला, समोरचा

२४ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार.

मी शनिवारी येते आहे. सकाळी पोचेन, संध्याकाळच्या गाडीने परत. टेप आणते, पहिल्या इंचासकट.

मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. कुणी सांगायची गरजही नव्हती, हे मला लिहायचं आहे, आणि समोर बसून मला ते बोलता येणार नाही. आई-बाबा गेल्यावर तू मला घरी आणलंस त्या वर्षी मी बारा वर्षांची होते. कुणाशी बोलत नव्हते. तू माझ्या हातात टेप दिलीस आणि म्हणालीस, मला मोज. मी स्टुलावर चढले, तू भिंतीला पाठ लावून हात वर केलास, आणि मी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून आकडा लिहिला. अठ्ठ्याहत्तर. मी आयुष्यात घेतलेलं ते पहिलं माप. तुझं फेब्रुवारीतलं पत्र उघडलं तेव्हा मी तो आकडा ओळखला. माणसाचा हात पंधरा वर्षांत रेघभरही कमी होत नाही असं कुठल्याच पुस्तिकेत नाही. तरी मी त्याचे मिलिमीटर केले आणि जे माप घेतलंच नाही त्याखाली सही केली.

का केली त्याचा मी विचार केला आहे. तो आकडा खरा असता तर मला यावं लागणार नव्हतं. येणं म्हणजे तू म्हातारी झालीस का ते बघणं. आणि तू मला बघणं.

शनिवारी खरं माप घेऊ. जे येईल ते तक्त्यात लिहिलं जाईल, हे आधीच सांगते.
भाची

२ एप्रिल

चि. हिस,
आशीर्वाद आहेत, पण आज मोजकेच.

तू गेल्यावर तीन दिवस मी कुणाशी बोलले नाही. घड्याळवाल्याशी तर नाहीच. त्याला वाटतं मला कळलं नाही. दार उघडं ठेवते, तो येतो, किल्ली देतो, जातो. बिस्किटाचा डबा मी वरच्या फळीवर ठेवायला लावलाय, त्यालाच.

साडेपन्नास इंच आणि वर एक रेघ. तुझ्या भाषेत बाराशे पंच्याऐंशी. तू आकडा लिहीत होतीस तेव्हा तुझा हात किती स्थिर होता! मला राग त्याचाच आला. नंतर चहा पिताना मी तोंड फिरवून बसले ते तू पाहिलंस, आणि तू तुझा कप पुसत राहिलीस, तो स्वच्छ असताना.

पण पोरी, मी शिंपीण आहे. तू जिन्यातून वर येत होतीस तेव्हाच मी शर्ट बघितला. बाह्यांचा सैलपणा दुमडून लपवला होतास, पाठीला सेफ्टी पिन लावली होतीस. माझ्या शर्टाला पिन! तो शर्ट चौतीस छातीचा आहे, तू एकतीसवर आली आहेस. खांदा तेवढाच राहतो, हाड बारीक होत नाही, म्हणून तू फसवू शकलीस. जसाच्या तसा बसला म्हणे. मी अठ्ठ्याहत्तर लिहिलं तेव्हा मला वाटलं खोटं बोलणारी या घरात मी एकटीच.

एक कामाचं लिहिते. घरी कुणाला तरी राहायला आण, ज्याचा हात पोचतो असा, असं तू जाता जाता म्हणालीस. घड्याळवाल्याबद्दल म्हणालीस, ते मला कळलं. नको. मला झडप उघडायला माणूस नको, कडी खाली आलेली हवी. माणूस आला तर तो बसायला यावा.

लिही, जे खरं ते लिही. सामायिक विभागात टाकलं तर तिथे मी रोज सकाळी कर्मचाऱ्याच्या आधी उठेन आणि त्याला हैराण करीन.
आत्या

२२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. ही सगळी अक्षरं या खेपेला पूर्ण अर्थाने.

खरा तक्ता दिला. सोबत एक अर्जही, की पहिल्या तक्त्यावरची सही मी माप न घेता केली होती. मुख्य अभियंत्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं की हे मी न सांगते तर कुणाला कळलं असतं. मी म्हटलं, भिंतीला. मला लेखी ताकीद मिळाली आहे आणि तुमची वसाहत माझ्याकडून काढून घेतली आहे. ताकीद योग्य आहे.

काढून घेण्याआधी मला समितीपुढे दहा मिनिटं मिळाली. मी तुझं वाक्य वापरलं, तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, आपण हाताची उंची मोजून माणसाला घर नाकारतो, मोजायला हवी ती कडीची उंची. चौदाशेची अट आली कारण तीस वर्षांपूर्वी कड्या थेट झडपेला असत. झडपेला भिंतीवरून खाली येणारा दांडा आणि टोकाला फिरवायची मूठ लावली तर मूठ हजारावर येते. झडप तिथेच राहते, ओल बाहेर जाते, नियमाचं काम होतं. एक सदस्य म्हणाले की पुस्तिकेत "हाताने उघडता यावी" असं आहे, दांड्याने नव्हे. मी विचारलं, दांडा कशाने फिरवतात. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.

निर्णय असा: पुस्तिका आहे तशी राहील, पुढच्या सुधारणेत पाहू. पण सतरा नंबरात सहा महिने चाचणी म्हणून दांडा बसेल. सहा महिन्यांनी तीन माणसं येऊन भिंती बघतील आणि तू मूठ फिरवताना बघतील. भिंत कोरडी असली तर घर तुझं. नाहीतर खाट. तपासायला येणाऱ्यांत मी नसेन, नातेवाइकांना मनाई आहे, आणि ती मीच मागून घेतली.

शर्टाची पिन काढली आहे. घालते, सैल घालते. इथे आता नव्या फायली आहेत, एका शाळेच्या छपराच्या. तुमचे नकाशे टेबलावरून गेल्यावर टेबल फार मोठं वाटतं. गुंडाळ्या गेल्या म्हणून खुर्ची मोकळी झाली. बसून जेवले. घरात खुर्ची एक असली की समोर बघायला भिंत उरते, हे उभ्याने जेवताना लक्षात येत नव्हतं.

लोभाचं माप चुकलं असेल तर पुन्हा घ्यावं.
तुझी भाची

९ मे

चि. मिलिमीटर हिस,
अ. आ., आणि अनेक म्हणजे मोजून नव्हे.

राहायला आले. दांडा बसवला आहे, मूठ गार आहे आणि किंचित डावीकडे कलते. मी मोजणीदाराला सांगितलं, तो म्हणाला दोन मिलिमीटर आहे. म्हटलं, हे आमच्या घरात चालत नाही, आणि त्याने सरळ केली. नवी टेप घेतलीय त्याने. बरा माणूस आहे.

पहिल्या सकाळी मूठ फिरवली. वर झडप हलली, बाहेरची गार हवा डोक्यावर आली, हवालदाराचे केस उडाले. मग दहा मिनिटं काय करावं ते कळेना. रोज त्या वेळी घड्याळवाला यायचा. आता माझं मी उघडलं, तर तो कशाला येईल? कुणाची गरज उरली नाही की दार वाजत नाही, हे तुला माझ्याआधी कळलं होतं, तू लिहिलंही होतंस, मी झडपेच्या नादात नीट वाचलं नाही. साडेआठला तो आलाच. किल्ली द्यायला. भिंतीवरचं घड्याळ मी मुद्दाम वर लावून घेतलंय. बिस्किटाचा डबा खाली आणलाय, तेवढं तुला सांगते.

भिंत कोरडी आहे. रोज हात लावून बघते, तीन ठिकाणी.

तू मार्चमध्ये आलीस त्या शनिवारी निघण्याआधी मी तुला उभी करून मापं घेतली, तू घड्याळाकडे बघत होतीस. ती मी तुझ्याच कार्यालयाच्या कोऱ्या तक्त्यावर उतरवून सोबत पाठवली आहेत. छाती एकतीस, कंबर चोवीस, बाही तीच. माप घेणाऱ्याच्या रकान्यात माझी सही आहे, आणि मी प्रत्यक्ष घेतलं आहे. नवा शर्ट मी बेतणार नाही. या मापाचा शर्ट शिवला तर हे माप खरं ठरेल, आणि ते मला मान्य नाही. कापड घडी करून ठेवलंय.

तुझी पुस्तिका मी मोजणीदाराकडून मागून वाचली. पान एकोणीस, कलम सात. दर तीन महिन्यांनी फेरमाप घ्यावे, माप समक्ष घ्यावे, पत्राने कळवलेले ग्राह्य धरू नये. माझं घ्यायला तो येईल. तुझं मी घेते. जुलैच्या पहिल्या शनिवारी. दुसरी खुर्ची आणली आहे, तिच्यावर काही ठेवत नाही.
आत्या